मुलाचं कोकेन सुटतंय, आज तिसरा दिवस. पुढे काय काय होतं?

रामबागची काकू
शनिवार, रात्री ११.५०

नमस्कार मंडळी. नाव लिहीत नाही. इंदूर कितीही वाढलं तरी आपली मराठी माणसं रामबागेपासून सुदामानगरपर्यंत एकमेकांची सोयरीच निघतात.

मी बँकेतून निवृत्त झालेली, हेही निवृत्त. मुलगा ३१ वर्षांचा, मुंबईत जाहिरातींचं एडिटिंग करतो. काल सकाळी न कळवता अवंतिका एक्स्प्रेसने आला. पाठीला एक सॅक, डोळे खोल गेलेले. मला वाटलं नोकरी गेली असेल. पोहे केले, ते तसेच राहिले. दुपारी बाबांच्या समोर बसला आणि म्हणाला, "मी कोकेन घेतो. पावणेदोन वर्षं झाली. परवा रात्री शेवटचं घेतलं. आता सोडायचंय म्हणून आलोय." एवढं बोलून आत जाऊन झोपला. ह्यांच्या हातात पेपर होता तो तासभर त्याच पानावर होता.

आमच्या घरात व्यसन म्हणजे सासऱ्यांची अडकित्त्याने कातरलेली सुपारी. कोकेन हा शब्द मी बातम्यांतच ऐकलेला.

काल दोनला झोपला तो आज सकाळी अकरापर्यंत. मधे एकदाच उठला. रात्री तीनला स्वयंपाकघरात डब्याचा आवाज आला म्हणून मी गेले, तर दिवा न लावता ओट्यापाशी उभा राहून सेव-परमल मुठी भरभरून खातोय. मग सकाळचं गार वरण पातेल्यातूनच प्यायला. मग साखर. "गरम करून वाढते रे," म्हटलं तर दचकला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. झोपेत ओरडतो. उशीच्या अभ्र्यावर नाकातल्या रक्ताचे डाग आहेत. जागा असला की भिंतीकडे बघत बसतो, काही विचारलं की खेकसतो.

मला वाटलं होतं उलट्या होतील, अंग थरथरेल, धरून ठेवावं लागेल. तसलं काहीच नाही. मग हे बरं की वाईट? ह्यांनी खोलीला बाहेरून कडी घातली आहे. जाऊबाई उद्या लिंबं घेऊन येणार आहेत. दवाखान्यात न्यावं तर पोलीस केस होईल असं दीर म्हणतात. किती दिवस चालतं हे? फीट येते का? कोणी यातून गेलं असेल तर सांगा. मला झोप नाही.

*

माळव्याचा गडी
रविवार, रात्री १२.२०

काकू टेन्शन नका घेऊ. आठवडाभर झोपेची गोळी द्या, गाढ झोपू द्या, नाकात तूप सोडा. माझ्या मित्राचं असंच सुटलं, कुठे दवाखान्यात गेला नाही.

*

ग्वाल्हेरची सिस्टर
रविवार, रात्री १२.४५

ताई, वरचं काहीही करू नका. झोपेच्या गोळ्या तर डॉक्टरांशिवाय अजिबात नाही. मी २२ वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात नोकरी केली आहे, म्हणून जरा अधिकाराने लिहिते.

तुम्ही जे बघताय त्याला पोरं क्रॅश म्हणतात. घेणं थांबवल्यावर काही तासांत सुरू होतं आणि साधारण तीन-चार दिवस राहतं. मरगळ, मरणाची झोप किंवा मग झोपच नाही, राक्षसी भूक, भयंकर स्वच्छ स्वप्नं, चिडचिड, रडू. वर्णन तंतोतंत तेच केलंय तुम्ही. कोकेन भूक आणि झोप दोन्ही मारतं, त्यामुळे थांबवलं की शरीर दोन्ही एकदम वसूल करतं. खाऊ द्या, झोपू द्या. पाणी हाताशी ठेवा.

उलट्या, जुलाब, अंग तोडून निघणं हे अफू-हेरॉइनवाल्यांचं. थरथर, फीट, भास हे दारू आणि झोपेच्या गोळ्यांवाल्यांचं. नुसत्या कोकेनच्या सुटण्यात शरीर असं बोंब मारत नाही. म्हणूनच घरचे फसतात. बाहेरून दिसत काही नाही, आणि आत माणूस तळाला गेलेला असतो. या दिवसांतला खरा धोका मनाचा आहे. "जगण्यात काही राहिलं नाही" अशा वाटेने काही बोलला, निरवानिरवीची भाषा केली, तर सरळ विचारा: जिवाचं काही करून घ्यावंसं वाटतं का? विचारल्याने कल्पना डोक्यात शिरत नाही. उलट सांगायला वाट मिळते. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि लगेच न्या. टेलिमानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, तिचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्री चालू असतो, फुकट आहे.

बाहेरची कडी आत्ता उठून काढा. आतली पण काढा. घरातल्या बीपीच्या, झोपेच्या, सगळ्या गोळ्या तुमच्या कपाटात कुलपात.

छातीत दुखलं, धाप लागली तर "गॅस असेल" म्हणून जेलुसिल पाजत बसू नका. कोकेन हृदयाच्या नसा आवळतं आणि तरण्या पोरांनाही झटका येतो. तिथे गेल्यावर कोकेनचं नाव घ्यायला लाजू नका. अशा रुग्णाला छातीदुखीची एरवीची काही औषधं डॉक्टर मुद्दाम टाळतात, ती त्यांना न सांगता कशी टाळता येतील?

नाकात तूप नको. मिठाच्या पाण्याचे थेंब मेडिकलवर मिळतात, ते घाला. नंतर सावकाश कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडलेलं असू शकतं.

पोलिसांचं: उपचाराला आलेल्या माणसाला डॉक्टर पोलिसांच्या ताब्यात देत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायची आहे. आणि १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ६४-अ आहे. फक्त सेवनाचा किंवा अल्प प्रमाण जवळ बाळगल्याचा गुन्हा असेल आणि माणूस आपण होऊन सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. अट एकच, उपचार मधेच सोडायचा नाही. कोकेनचं अल्प प्रमाण म्हणजे २ ग्रॅमपर्यंत. तेव्हा सॅक तपासा, काही असेल तर त्याच्यासमोर नष्ट करा.

आता दोन प्रश्न, उत्तर खरं हवं. दारू रोजची होती का? आणि उतरवण्यासाठी कुठल्या गोळ्या घेत होता का?

*

जेल रोडचा भिया
रविवार, पहाटे २.१०

काकू, सिस्टरने जे लिहिलं ते सोनं आहे. मी दुसऱ्या बाजूने सांगतो, म्हणजे खाटेवर जो पडलाय त्याच्या बाजूने. चार वर्षं दोन महिने झाले मला.

मी लग्नांत, इव्हेंटमध्ये लायटिंग करायचो. गोव्याचा सीझन, मुंबईची हॉटेलं. रात्री दोनला ट्रस, म्हणजे लाइटांचा सांगाडा, उतरवायचा आणि सकाळी सातला दुसरीकडे चढवायचा, तिथून सुरू झालं. आईच्या दोन पाटल्या मी सराफ्यात मोडल्या. आपला सराफा तुम्हाला माहीतच आहे, दिवसा सोनं, आणि रात्री त्याच ओट्यांवर खाऊगल्ली. पाटल्या मोडल्या त्या दुकानाच्या पायरीवर बसून रात्री गराडू खाल्लं होतं मी. हे आईला अजून सांगितलेलं नाही, इथे लिहून राहिलो आहे.

पहिले चार दिवस मावशीकडे काढले. झोप, जेवण, झोप. चौथ्या दिवशी उठलो, आंघोळ केली, दाढी केली, पोहे-जलेबी खाऊन आलो. मावशीने आईला फोन केला, "सुटला गं तुझा पोरगा." सगळ्यांना वाटलं झालं. मलाही वाटलं. काकू, खरी गोष्ट तिथून सुरू होते. तुमचाही मंगळवार-बुधवारी उठून बसेल, हसेल, तेव्हा पेढे वाटू नका.

मला एका डॉक्टरने समजावलं होतं ते मी आपल्या भाषेत सांगतो. डोक्यात डोपामिन म्हणून एक रसायन असतं, काही चांगलं झालं की सुटतं आणि काम झालं की परत आत ओढलं जातं. हे आत ओढण्याचं काम कोकेन अडवतं, म्हणून ते साचून राहतं आणि माणूस राजा होतो. रोज असा पूर यायला लागला की डोकं तो पूर घेणारी भांडीच कमी करतं. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, तर हौद केवढा ठेवायचा ते आपण बघतोच ना. मग कोकेन थांबतं. पाणी साधं येतंय, भांडी फुटलेली. भांडी परत घडायला आठवडे लागतात, काहींना महिने. तोपर्यंत कशातच चव नाही. दुःख पण नाही धड. मी सहाव्या आठवड्यात मित्रांबरोबर सराफ्यात गेलो, तेच गराडू, वरून लिंबू आणि जीरावन, आणि तोंडात जणू पुठ्ठा. मित्र हसून राहिले होते, मी घड्याळ बघत होतो. त्या दिवशी मला जेवढं मरावंसं वाटलं तेवढं पहिल्या तीन दिवसांत वाटलं नव्हतं.

तलफ. ही सारखी नसते, लाट येते. मी मोबाईलवर वेळ लावून मोजायचो. माझी एकही वीस मिनिटांच्या वर टिकली नाही, पण त्या वीस मिनिटांत मी आईला विकलं असतं. आणि ती येते कुठून ते ऐका. आमच्या गल्लीत कॅरमच्या स्पर्धा असतात. सातवा आठवडा असेल, मला बोलावलं, बरं वाटेल म्हणून गेलो. पोरगं बोर्डावर बोरिक पावडर टाकायला आलं. डबीवर टिचकी मारली, पांढरी पावडर काळ्या रेघेवर पडली, आणि मग त्याने ती तळहाताच्या कडेने सरळ ओढली. बस. माझ्या पोटात कळ आली, दात बधिर झाले, घशात ती कडू धार उतरली. काकू, खरंच उतरली, आणि समोर फक्त कॅरम होता. मी चप्पल तिथेच टाकून घरी पळालो. लोक म्हणाले हरायला घाबरला.

तर पावडर, पिठीसाखर, कोरी पाचशेची नोट, एटीएम कार्ड, व्हिस्कीचा वास, त्या दिवसांतलं एखादं गाणं, एखाद्या माणसाचं नुसतं नाव फोनवर झळकणं. त्याला विचारा त्याचं काय आहे. यादी त्याची त्यालाच ठाऊक असते. माझं एक मोठं होतं ते म्हणजे पेमेंट. ४१ व्या दिवशी उज्जैनच्या एका लग्नाचे पैसे रोख हातात आले आणि मी घसरलो. आधी नुसती बियर घेतली होती. कोकेनवाल्याने "नुसती बियर" घेऊ नये. दोन्ही एकत्र गेले की लिव्हरमध्ये तिसरंच काहीतरी तयार होतं जे हृदयाला जास्त जड आहे, हे मला नंतर कळलं. पण त्याआधीचं साधं कारण हे की बियर पोटात गेली की "नाही" म्हणणारा माणूस डोक्यातून उठून जातो.

स्वप्नांचं सांगायचं राहिलं. महिनाभर रोज स्वप्नात मी घेत होतो. इतकं खरं की उठल्यावर नाक चाचपायचो. एकदा सकाळी मावशीच्या पाया पडून कबूल केलं, "रात्री घेतलं गं मी." घेतलं नव्हतं. असं काही तो येऊन बोलला तर लगेच ओरडू नका, आधी विचारा स्वप्न होतं का.

आणि झोपलेल्याला उठवून "का केलंस असं" विचारू नका. मला वडिलांनी पहिल्या तीन दिवसांत अकरा वेळा विचारलं. उत्तर असतं तर मी घेतलं असतं का?

*

जुना इंदूरकर
रविवार, पहाटे ५.३०

हे काही नवीन खूळ नव्हे. विसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्ता, मुंबई, दिल्ली इथे पानातून कोकेन खात असत. चुन्याबरोबर घेतलं की जीभ बधिर होई. सरकारने तेव्हाही बंदी घातली होती. आमचे आजोबा "कोकेनचं पान" हा शब्द शिवीसारखा वापरत.

*

जेल रोडचा भिया
रविवार, पहाटे ५.४५

आजोबा, नमस्कार. छान माहिती आहे, पण काकूंचा धागा आहे, भरकटू नये.

*

रामबागची काकू
रविवार, सकाळी ७.०५

रात्रीच कडी काढली. ह्यांच्याशी जरा वाजलं, पण काढली.

सिस्टर, तुमचे प्रश्न विचारले. दारू रोज नाही म्हणतो, पार्टीपुरती, आठवड्यातून दोन-तीनदा. पण गोळ्यांचं निघालं. सॅकमध्ये गोळ्यांचा एक पत्ता होता, अल्प्राझोलाम ०.५ लिहिलेला. रात्री कोकेन उतरत नसे, झोप येत नसे, म्हणून रोज एक, कधी दोन, आठ महिने. तो पत्ता ह्यांनी शुक्रवारीच संडासात टाकून पाणी ओढलं. चांगलंच केलं ना?

आज मात्र जरा वेगळं दिसतंय. झोपलाच नाही रात्रभर. घाम येतोय. चहा दिला तर कपबशी वाजायला लागली, चहा बशीत सांडला. काल म्हटलं होतं थरथर नाही, आज आहे. हे पण क्रॅशच का?

*

ग्वाल्हेरची सिस्टर
रविवार, सकाळी ७.१४

नाही ताई. हे कोकेनचं नाही, गोळीचं आहे. आठ महिने रोज घेतलेली अल्प्राझोलाम अशी एका दिवसात बंद करायची नसते, त्याने फीट येऊ शकते. वाचताय तशा निघा. रविवार असला तरी आकस्मिक विभाग चालू असतो, एम. वाय. हॉस्पिटल तुम्हाला जवळ आहे. तिथे तीन गोष्टी सांगायच्या: कोकेन बुधवारपासून बंद, अल्प्राझोलाम ०.५ रोज एक-दोन, आठ महिने, शुक्रवारपासून बंद, आणि दारू किती. गाडी त्याला चालवू देऊ नका. मागच्या सीटवर कोणीतरी शेजारी बसा. साहेबांना रागावू नका, नव्वद टक्के बाप पत्ता फेकतातच.

*

ओटल्यावरची मावशी
रविवार, सकाळी ९.३०

रामबागच्या ताई, तुम्ही आत्ता दवाखान्यात असाल. परत आल्यावर वाचा. माझा भाचा गांजा आणि गोळ्यांत होता. घाईघाईत आम्ही त्याला एका खासगी केंद्रात टाकलं, गावाचं नाव सांगत नाही. सहा महिन्यांचे पैसे आगाऊ. भेटायला तीन महिने बंदी. बाहेर आला तेव्हा मनगटांवर दोरीचे वळ होते आणि पहिल्या आठवड्यात परत सुरू. तेव्हा कुठेही ठेवायच्या आधी विचारा: मनोविकारतज्ज्ञ रोज येतात का, नोंदणी आहे का, आई-वडिलांना भेटता येतं का. नाही म्हणाले की उठायचं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फुकट नंबर आहे, त्यांना विचारून ठिकाण ठरवा.

*

रामबागची काकू
मंगळवार, रात्री ९.१५

सगळ्यांचे आभार कसे मानू. रविवारी नेलं. दोन रात्री ठेवून घेतलं, आज घरी आणलं. फीट आली नाही. ईसीजी काढला, ठीक आहे. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, त्याच्याशी दार लावून अर्धा तास बोलल्या, आम्हाला बाहेर बसवलं. दुसरी, सावकाश उतरणारी गोळी दिली आहे, ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची. गोळी मी द्यायची, पत्ता माझ्या कपाटात.

कोकेनसाठी औषध काय म्हणून ह्यांनी विचारलं. त्या म्हणाल्या, कोकेन सोडवणारी अशी मान्यताप्राप्त गोळी जगात कुठेच नाही. उदासी फार वाढली तर तिच्यावर औषध देऊ, पण मुख्य काम बोलण्याचंच आहे. दर सोमवारी समुपदेशन. ह्यांना ते पटलेलं दिसत नाही. एवढा मोठा रोग आणि औषध गप्पा, असं रिक्षात म्हणत होते.

दीर रोज फोन करून लघवी तपासा म्हणतात. तपासू का?

*

ग्वाल्हेरची सिस्टर
मंगळवार, रात्री १०.००

गप्पा नव्हेत हो. त्यात शिकवतात की तलफ कशाने येते, आली की पुढची वीस मिनिटं काय करायचं, कोणाला फोन करायचा. आमच्या भियाने कॅरम सोडून पळ काढला ना, तेच, पण आधी ठरवून.

लघवीत कोकेनचा अंश शेवटच्या वेळेनंतर साधारण दोन ते चार दिवस सापडतो, फार घेणाऱ्यांत त्याहून जास्त. तपासणी डॉक्टरांनी ठरवली तर करा, दिरांनी नव्हे. पोलिसासारखी केली की तो लपवायला शिकेल. ह्याच तपासणीची एक चांगली रीत आहे: प्रत्येक वेळी स्वच्छ निघाली की लगेच छोटं बक्षीस. हसू येईल, पण कोकेनसारख्या उत्तेजक नशांवर आत्तापर्यंत सगळ्यात चांगला परिणाम ह्याच पद्धतीचा दिसला आहे, अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत ती वापरतात. रोख पैसे मात्र नको.

आणि एक कडू गोष्ट सांगून ठेवते. घसरला तर पूर्वीचा हिशोब चालत नाही. काही आठवडे बंद असलं की सवय उतरलेली असते, पण हात पूर्वीएवढंच घेतो, आणि तेव्हा जिवावर बेततं. हे त्यालाही स्पष्ट सांगा. घसरला म्हणून घराबाहेर काढू असली धमकी देऊ नका, नाहीतर घसरल्यावर तो तुमच्याकडे न येता भलतीकडे जाईल.

*

रामबागची काकू
पाच आठवड्यांनंतर, गुरुवार

बरेच जण विचारत होते म्हणून लिहिते. भियाने सांगितलं तसंच झालं. बुधवारी उठला, हसला, जाऊबाईंच्या लिंबांचं सरबत करून प्यायला. मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जो खाली गेला! दाढी नाही, बोलणं नाही. भुट्ट्याचा कीस केला, लहानपणी कढईला चिकटलेला खरवडून खायचा. दोन घास घेतले आणि म्हणाला, "आई, चांगला झालाय असं मला कळतंय, पण लागत नाहीये." मला भियाचा पुठ्ठा आठवला, म्हणून रडले नाही. तुम्ही लिहिलं नसतं तर मी त्या रात्री माझ्याच हाताला दोष देत बसले असते.

आता रोज पहाटे हे आणि तो पायी राजवाड्यापर्यंत जाऊन येतात. बोलत नाहीत एकमेकांशी, पण जातात. गोळी अर्धीवर आली आहे. परवा शेजारचा कुत्रा पोस्टमनच्या मागे लागला तेव्हा खिडकीत उभा राहून मोठ्याने हसला. मी ओट्यापाशी होते, गॅस बारीक करून ऐकत राहिले. कॅरम आमच्याकडे माळ्यावर आहे, डबी मी टाकून दिली.

आता विचारायचं हे की मुंबईची नोकरी सोडली त्याचा हिशोब या शनिवारी खात्यात येणार आहे, १ लाख ८० हजार. भियाचं पेमेंटचं वाचल्यापासून माझ्या पोटात गोळा आहे. हे म्हणतात पैसे आपल्या खात्यात वळवून घ्या. तो ३१ वर्षांचा आहे, कसं सांगू?

*

जेल रोडचा भिया
गुरुवार, रात्री ११.३०

काकू, त्याच्या नकळत वळवू नका, त्याच्या कमाईचे आहेत. शनिवारच्या आधी त्यालाच विचारा, "ह्याचं काय करू या?" म्हणून. मला कोणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की ठेवून घ्या, माझी हिंमत होत नव्हती एवढंच. दोन सह्यांची मुदत ठेव करता येते, तुम्ही तर बँकेतल्याच. मोबाईलवरून पैसे पाठवायचं ॲप त्यानेच स्वतःच्या हाताने काढू दे. शनिवारी संध्याकाळी घरी एकटा ठेवू नका, पाहुणे नकोत, फक्त कोणीतरी असू दे. हवं तर मी येतो, रामबाग मला दहा मिनिटं आहे, मित्र म्हणून सांगा.

एटीएम कार्ड तुमच्याकडे ठेवायला दिलं तर तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवू नका. सगळ्या आया तिथेच ठेवतात.

*

रामबागची काकू
गुरुवार, रात्री ११.४१

बाई गं. आत्ताच काढलं तिथून.